माळावरचा चुन्याचा गोल

साक्रीच्या पश्चिमेला जिथे डोंगर सुरू होतात, तिथे बोरमाळ नावाचं एक गाव आहे. तिथल्या शाळेत मी नोकरीची शेवटची वर्षं काढली. पुढे साक्रीत राहायला आलो, पण बोरमाळचे लोक बाजाराच्या दिवशी घरी डोकावतात, आणि मीही अधूनमधून तिकडे जातो. त्या गावातल्या दगडीआक्काबद्दल लिहायचं होतं.

आक्का गावची दाई. बुटकी, काटक, डावा खांदा जरासा उतरलेला, तोंडात तंबाखूची चिमूट. गावातल्या निम्म्याहून जास्त माणसांना तिनेच जगात आणलेलं, आणि ती हे कुणाला विसरू द्यायची नाही. एकदा नळावर सरपंच तोतारामभाऊ तिच्यावर खेकसले, तेव्हा तिने हंडा खाली न ठेवताच सांगितलं, "तोताराम, तुनी नाळ मनाच हातनी कापेल शे. मनासामने आवाज नको चढावू." सरपंच हसले आणि बाजूला झाले. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण गाडी आली की बाईसोबत आक्का आत बसतेच. नर्सही तिला बाहेर काढत नाहीत.

ती कशालाही भीत नाही, असं गाव म्हणायचं. घरात साप निघाला तर तिलाच बोलावत. तिचा मुलगा मंगा तर अभिमानाने सांगायचा, "मनी मायले भ्याव म्हंजे काय ते ठाऊक नही." मी मात्र तिला भ्यालेलं पाहिलं आहे. इतकं भ्यालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

बोरमाळच्या आजूबाजूच्या डोंगरांवर पवनचक्क्या आधीपासून आहेत. लोक त्यांना पंखे म्हणतात. मागच्या वर्षी एका नव्या कंपनीने गावाच्या डोक्यावरचा माळ मागितला. माळ वनखात्याचा, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव हवा होता, आणि त्याआधी कंपनीने एका संस्थेकडून अभ्यास करून घ्यायचा होता. पक्षी कोणते येतात, पाणी कुठून वाहतं, गुरं कुठे चरतात, देव कुठे आहेत, स्मशान कुठे आहे, असं सगळं. त्या संस्थेची पुनम नावाची मुलगी धुळ्याची. आई शिरपूरकडची, म्हणून अहिराणी घरचीच. गावाला मी ओळखीचा, म्हणून तिने मला सोबत चला म्हटलं.

शाळेच्या ओट्यावर बैठक झाली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. पुनमने चांगली सुरुवात केली. पंख्याचा आवाज किती येतो, सावली कुठे पडते, सगळं सांगितलं. सरपंचांची आई बेबाबाई पुढेच बसली होती. ती म्हणाली, "पंखा आमना डोंगरवर, नि वारा शहरले. आमना घरमा पंखा शे, त्याले लाइट नही."

"मायनं बरोबर लिख व, बेन," सरपंच म्हणाले. "नहीते घरी माले जेवन नही भेटाव."

सगळे हसले. पुनमने ते खरंच लिहून घेतलं. मग तिने विचारलं, माळावर देवाचं ठिकाण, स्मशान, कुणाचं थडगं, असं काही आहे का?

उत्तरं लगेच आली. स्मशान ओढ्याकाठी. वाघदेव शिवेवर. माळावर काही नाही. पुनमने घाई केली नाही. थोड्या वेळाने तिने तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने पुन्हा विचारला. "तठे काय राहीन?" एक म्हातारा म्हणाला. "गवत शे, अंजनना झाडे शेत. दुसरं काय."

मी सहज बायांकडे पाहिलं. आक्काच्या तळहातावर तंबाखू होती आणि ती मळणारा अंगठा थांबला होता. जराशाने ती उठली. "शेळ्या सुटन्यात," म्हणाली आणि निघून गेली. ओट्यावरून तिचं अंगण दिसत होतं. शेळ्या खुंट्याला बांधलेल्या होत्या.

त्यामागचं कारण मला पुढे कळलं, पण वाचणाऱ्याला ते आत्ताच सांगायला हवं. बोरमाळमध्ये दात येण्याआधी मूल गेलं तर त्याला जाळत नाहीत. आईबापाने त्याच्यामागे जायचं नसतं. दाई त्याला फडक्यात गुंडाळून माळावर नेते. सोबत कुदळ घेऊन एक गडी जातो, खड्डा करतो आणि पाठ फिरवून उभा राहतो. दाई मुलाला ठेवते, वर माती, त्यावर दगड. येताना मागे बघायचं नाही. आणि त्या दिवसानंतर त्या मुलाबद्दल बोलायचं नाही. नाव नाही, जागा नाही. आईलाही जागा सांगायची नाही. बोललं तर ते ऐकतं, अशी समजूत. ऐकलं की उठून घराकडे येतं, आणि घरात पुढचं मूल असेल तर त्याला सोबत नेतं.

म्हणून ओट्यावर कुणी खोटं बोललं नव्हतं. स्मशान म्हटल्यावर त्या लोकांच्या मनात ओढ्याकाठची जागाच आली. माळावरच्या त्या जागेला नावच नाही. कुदळवाल्या गड्याला फार तर आपण खणलेला खड्डा माहीत, पण कोण कुठे आहे ते एकट्या आक्काला. तिच्याआधी तिची आईच दाई होती. आक्काच्या पाठच्या-पुढच्या भावंडांतली काही तिथेच आहेत. जगावी म्हणून हिचं नाव दगडी ठेवलं. आणि तिथेच तिचा नातू आहे. मंगाची बायको सुनिता हिचं पहिलं मूल पावसाळ्यात तापाने गेलं. आक्कानेच ते उचलून नेलं होतं.

बैठक झाली त्या वेळी सुनिताला सातवा महिना होता.

काही दिवसांनी आक्का शेळ्या घेऊन माळावर गेली. अंजनाच्या झाडांपाशी तिला चुन्याचा एक मोठा गोल दिसला. मध्ये खुंटी, खुंटीला लाल चिंधी. झाडांवर रंगाने घातलेले आकडे. गोल बरोबर त्या जागेवर होता. तिने तो वरून, खालून, सगळीकडून पाहिला, की कुठून तरी तो बाजूला पडतोय असं दिसेल. ती खाली बसली. मग उठली आणि शेळ्या तिथेच सोडून घरी आली. शेळ्या संध्याकाळी आपल्या आपण आल्या.

त्या दिवसापासून तिचं वागणं बदललं. माळाकडे उघडणाऱ्या मागच्या दाराला तिने पोतं शिवून लावलं. सुनिताची खाट पुढच्या खोलीत आणली, उशाखाली विळा ठेवला, मनगटाला काळा दोरा बांधला. सुनिताला परसात जाऊ देईना. कारण विचारलं तर सांगेना. पण सुनिताला सगळ्यात लागलं ते वेगळंच. आक्का रोज तेल लावून तिच्या पोटावरून हात फिरवायची, मूल कुठे आहे ते बघायची. ते तिने बंद केलं. ज्या हातांनी एकाला वर नेऊन ठेवलं, ते हात आता दुसऱ्याला लावायला ती धजत नव्हती. सुनिताला वाटलं, सासूच्या हाताला काही तरी वाईट लागलंय आणि ती सांगत नाहीये.

दोघी एका घरात एकमेकींसाठी भीत होत्या, आणि दोघी गप्प. मंगाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला पंख्यांवर राखणदाराचं काम मिळणार होतं. तो शिट्टी आणून ठेवून बसला होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आक्का माझ्याकडे आली. एरवी ती आल्याबरोबर माझ्या बायकोच्या स्वयंपाकात चुका काढायची. त्या दिवशी दाराशीच टेकली. डोळे आत गेले होते.

"गुरुजी, ती मशीन किती खोल खंदस?"

"कुठलं, पंख्याचं? दोन पुरुष तरी खोल, आणि शाळेच्या पटांगणाएवढं रुंद."

"दगड लागना त थांबस का?"

"नाही. दगड फोडते."

"आनि दुसरं काही लागनं त?"

"दुसरं म्हणजे?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "काही नही. पानी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आक्का, काही असेल तर ग्रामसभेत सांगा. ठराव झाल्यावर बोलून उपयोग नाही. आत्ता सांगितलं तर खुंटी हलवता येते."

"तोंडथून काढं का ऐकाले जास, गुरुजी."

"कुणाला?"

ती उठली. चहा तसाच राहिला. फाटकाशी जाऊन तिने एकदा मागे पाहिलं आणि लगेच मान वळवली, जणू काही चूक झाली.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. भिंतीवर माळाचा नकाशा लावला होता, त्यावर पंख्यांच्या जागी लाल ठिपके. कंपनीचे साहेब होते, तालुक्याचे एक अधिकारी होते. साहेब वाईट माणूस नव्हता. उन्हात बसलेल्या बायांना आधी सावलीत बसवून मगच त्याने बोलायला सुरुवात केली. पुनमने अभ्यासात काय आढळलं ते अहिराणीत वाचून दाखवलं. गिधाडांची वाट माळावरून आहे, म्हणून दोन पंखे कमी केले. ओढ्याच्या उगमापाशी रस्ता नको. वाचता वाचता ती म्हणाली की माळावर देवस्थान किंवा मूठमातीची जागा नाही, असं गावाने सांगितलं आहे.

मी आक्काला शोधलं. ती बायांच्या मागे भिंतीला चिकटून बसली होती. पदर तोंडात धरला होता.

"कोनले काही बोलनं शे का?" सरपंचांनी विचारलं. त्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "मंग हात वर करा."

तेवढ्यात फाटकातून सुनिता आत आली. पोटुशी बाई गर्दीत येत नाही, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. ती चालत थेट नकाशापाशी गेली. आदल्या दिवशी मंगाने घरात सहज सांगितलं होतं की पहिला खड्डा अंजनाच्या झाडांपाशी पडणार, आणि आक्काच्या हातातलं ताट खाली पडलं होतं. सुनिताला तेवढं पुरलं.

"अंजनना झाडे यामा कोठे शेत?" तिने पुनमला विचारलं. पुनमने बोट ठेवलं. लाल ठिपक्यावरच.

सुनिता वळली. "माय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पटांगणात ऐकू गेला. "मना पोऱ्या तठेच शे ना?"

आक्का उठून धावली. इतकी वर्षं मी तिला पाहतोय, पण तिला धावताना मी प्रथमच पाहिलं. बायांच्या अंगांवरून, पायांवरून ती आली आणि तिने सुनिताच्या तोंडावर हात ठेवला. "नको बोलू. पोटमा लेकरू शे. नको बोलू, माय."

सुनिताने तो हात धरून खाली केला आणि तसाच धरून ठेवला. "तू पोटले हात लावत नही, तवयथून मी झोपेल नही. त्याले खंदीसन काढतीन. सांग, तठेच शे का?"

आक्काने एकदा माळाकडे पाहिलं, एकदा सुनिताच्या पोटाकडे. मग म्हणाली, "हा. तठेच शे."

सरपंचांना अजून नीट उमगलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की ठराव अडतोय. "आक्का," ते म्हणाले, "इतला दिन तोंडमा काय गूळ धरेल व्हता का? आते साहेब उठीसन चालना जातीन."

त्यांच्यामागून बेबाबाई उठली. काठी टेकत ती आक्कासमोर येऊन उभी राहिली. सरपंचांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असणार. सरपंचांना ठाऊक नव्हतं. "दगडी," ती म्हणाली, "तुनी मायनी तुले दखाडेल व्हई. मनी आंडेर पन तठेच शे का?"

"तुनी पन शे, बेबाआक्का. मोठा अंजनना खाले."

बेबाबाईने मान हलवली. एवढी वर्षं तिला झाड माहीत नव्हतं. सरपंच आईकडे बघत होते. मग ते खुर्चीवर न बसता जमिनीवरच बसले. एक एक करून बाया उठायला लागल्या. कुणी विचारलं, कुणी नुसतीच आक्कासमोर उभी राहिली, आणि आक्काने त्यांना ओळखून मान हलवली. पुरुष खाली बघत होते. प्रत्येक प्रश्नाबरोबर आक्का सुनिताकडे बघत होती, तिला आत्ताच काही होतंय का म्हणून.

साहेबाने कागद मिटले. "आज ठराव नको," तो हळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुनम आक्कासोबत माळावर गेली. मी आणि दोन गडी मागे होतो. बाया उतारावर थांबल्या, वर आल्या नाहीत. आक्का त्या जागेच्या कडेकडेने चालत राहिली, आणि तिचा पाय थांबेल तिथे गडी दगड ठेवत गेले. एके ठिकाणी ती बराच वेळ थांबली. शेवटी दगडांचं जे कुंपण झालं, ते चुन्याच्या गोलाहून मोठं निघालं. पुनमने आपल्या हाताने खुंटी उपटली. ती म्हणाली, "मी दोनदा विचारलं, गुरुजी." मी म्हटलं, "हो, मी होतो."

पंखा माळाच्या दुसऱ्या टोकाला सरकला. अंजनाची झाडं आणि भोवतालची जागा कायमची सोडायची, असं ठरावात लिहून घेतलं आणि मगच हात वर झाले. मशीन आलं तेव्हा मंगा शिट्टी गळ्यात घालून त्या दगडांपाशी उभा राहिला. कंपनीने नेमण्याआधीच त्याने ते काम सुरू केलं होतं.

ती जागा वाचली, पण आक्काची भीती वाढली. आता सगळं बोलून झालं होतं, तेही भरल्या पोटाच्या बाईने, दिवसाढवळ्या, सगळ्या गावासमोर. नळावर एक बाई म्हणालीच, "बोली टाकं ना. आते देखा काय व्हस ते." बेबाबाईने तिला झापलं, पण झापताना तिचाही आवाज बसलेला होता, असं मंगा मला सांगत होता. ज्या ज्या बायांनी विचारलं होतं, त्या सगळ्या सुनिताच्या पोटाकडे बघत होत्या. काहींच्या घरी लहान मुलं होती. आक्का जेवणावरून उठून जायची. सुनिता पाणी प्यायली तरी ती घोट मोजल्यासारखी बघायची. हात मात्र तिने पुन्हा लावायला सुरुवात केली होती, कारण सुनिताने तिला तसं बजावलं होतं. "तू हात लावत नही, तवय माले जास्ती भ्याव वाटस."

नवव्या महिन्यात एका दुपारी मंगाचा फोन आला. साक्रीच्या दवाखान्यात आणलंय, माय काहीच्या काही करतेय, तुम्ही या. मी गेलो. सुनिता आत होती. आक्का मात्र बाहेर बाकावर, गुडघे जवळ घेऊन. इतक्या बायांसोबत आत जाणारी आक्का सुनेसोबत गेली नव्हती. नर्सने येऊन विचारलं, "आक्का, आज बाहेर कशा? या ना." आक्काने मान हलवली. नको.

मी तिच्याशेजारी बसलो. "सुनिता ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले," मी सांगितलं.

"डॉक्टर माळवर नव्हता," ती म्हणाली.

आतून सुनिताचा आवाज आला की ती बाकाची कड धरायची, आणि थांबला की त्याहून घट्ट धरायची. मंगा दारापासून फाटकापर्यंत येरझारा घालत होता. तिने त्याला एकदा बसायला सांगितलं. तो बसला आणि लगेच उठला. "गुरुजी," ती मध्येच म्हणाली, "मी सांगं नसतं त ते मशीनना तोंडमा गया असता. सांगं त हे असं. मी काय कराले पाहिजे व्हतं?"

मग आत एकदम शांत झालं. पावलांची धावपळ झाली, भांडं वाजलं, आणि बाळ रडलं. बारीक आवाज, पण स्पष्ट. मंगा तसाच आत पळाला.

आक्का जागची हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "रडनं का ते?" तिने विचारलं.

"हो, आक्का. मी ऐकलं."

"मी नही ऐकं. परत रडू द्या, मंग जास."

आम्ही बसून राहिलो. फाटकाबाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती. तिचे ओठ हलत होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक, फार नसावा. आतून पुन्हा रडणं आलं, या वेळी मोठं, चिडलेलं. आक्काने बाकावर दोन्ही हात टेकले आणि उठली. भिंतीच्या आधाराने, एक एक पाऊल बघून टाकत, ती आत गेली.